कानाची पाळी आणि कान टोचण्याची रीत

बाहेरून दिसणाऱ्या कानाचा बहुतेक भाग कूर्चेचा असतो. खालची पाळी मात्र चरबीची आणि मऊ. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणावर तिचे पोषण चालते. पाळीत रक्त चांगले खेळते आणि जखम लवकर भरते. टोचायला तिच्याइतकी सोयीची जागा कानावर दुसरी नाही.

सुश्रुतसंहिता या प्राचीन वैद्यकग्रंथात सूत्रस्थान या भागाचा १६ वा अध्याय या विषयाला दिला आहे. रक्षण आणि भूषण ही कान टोचण्याची दोन कारणे. वेळ सहाव्या किंवा सातव्या महिन्यातली. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. डाव्या हाताने पाळी ओढून धरायची, ऊन जिथून आरपार दिसते ते ‘दैवकृत छिद्र’ हेरायचे आणि तिथे सुई सरळ, सावकाश घालायची. पाळी जाड असेल तर आरी वापरायची. रक्त फार आले किंवा दुखले, तर जागा चुकली. कालिका, मर्मरिका, लोहितिका या तीन शिरांना इजा झाल्यास ताप, सूज, गाठी, मान आखडणे असे त्रास सांगितले आहेत. टोचल्यावर तेल आणि कापसाची वात. दर तीन दिवसांनी वात थोडी जाड करायची.

भोक वाढवता वाढवता पाळी तुटे. ती सांधण्याचे १५ प्रकार याच अध्यायात आहेत. त्यांतल्या ‘गंडकर्णा’त गालाचे मांस एका बाजूने जोडलेलेच ठेवून, म्हणजे जिवंत ठेवून, कानाला लावतात. प्लास्टिक सर्जरीचा आधार असलेले तत्त्व ते हेच. पुढे नाक जोडण्याची कृतीही येते. याच तत्त्वावरची, कपाळाच्या कातडीने नाक करण्याची पुण्याकडची शस्त्रक्रिया १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि १८१४ मध्ये शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी ती तिथे करून पाहिली.

महाराष्ट्रात कान टोचण्याचे काम वैद्याकडे राहिले नाही, सोनाराकडे आले. बारशाच्या सुमारास त्याला घरी बोलावत. सोन्याच्या टोकदार तारेने तो पाळी टोचे आणि तीच तार वळवून कानात ठेवी. बायकांची बुगडी आणि पुरुषांची भिकबाळी मात्र कानाच्या वरच्या भागात, कूर्चेत बसते. तिथली जखम चिघळली तर कूर्चा सडून कान आक्रसतो, म्हणून ते भोक भरेपर्यंत पाळीपेक्षा कितीतरी अधिक जपावे लागते.