परकीयांचे भाषाशिक्षण आणि भावनांची अभिव्यक्ती : फोर्ट विल्यम कॉलेजच्या संदर्भात

परकीयास भाषा शिकविताना व्यापार, महसूल व न्यायदान यांची शब्दसंपत्ती आधी दिली जाते. राग, दुःख, लाज, माया यांची भाषा बहुधा मागे राहते. या दृष्टीने कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचा (स्थापना १८००) अनुभव महत्त्वपूर्ण आहे. कंपनी सरकारच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविणे हे या संस्थेचे प्रमुख प्रयोजन होते. हेच तरुण पुढे रयतेच्या तक्रारी ऐकण्यास बसत.

विल्यम केरी यांनी १८०१ मध्ये श्रीरामपूर येथे 'कथोपकथन' हे बंगाली संवादांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सावकार व ऋणको, मजूर, भिक्षुक यांच्या संभाषणांबरोबरच स्त्रियांचे कडाक्याचे भांडणही आहे. मिशनरी असूनही केरींनी त्यातील शिव्याशाप गाळले नाहीत, ही बाब विशेष लक्षणीय होय. बोलणाऱ्याच्या स्वाभाविक शैलीतील हे संवाद जाणत्या एतद्देशीयांकडून रचून घेतल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. जोडीला इंग्रजी भाषांतर होते. परंतु टोमणा भाषांतरात बोथट होतोच.

मराठीचे अध्यापनही केरींकडे आले. पंडित वैजनाथशर्मा यांच्या साह्याने १८०५ मध्ये त्यांनी मराठी व्याकरण सिद्ध केले. त्यालाही नित्य व्यवहारातील संवाद जोडलेले आहेत. मराठीत खरी अडचण शब्दांची नसून वाक्यरचनेची होती. इंग्रजीत मनुष्य क्रुद्ध 'असतो'. मराठीत त्याला राग 'येतो', भीती 'वाटते', दया 'येते'. भावना कर्त्याच्या स्थानी आणि माणूस चतुर्थीत! 'मी राग आहे' ही नवशिक्याची चूक येथूनच उद्भवते. 'रागावणे', 'घाबरणे' ही क्रियापदे इंग्रजी वळणास जवळची वाटतात खरी, पण तीही फसवी आहेत. 'पाटील माझ्यावर रागावले' आणि 'पाटील मला रागावले' यांत भेद आहे. दुसऱ्या वाक्यात पाटलांनी प्रत्यक्ष बोल लावल्याचे सांगितले जाते. कचेरीतील जबानीत असा भेद निसटला, तर तक्रारीचा अर्थच पालटतो.

मोल्सवर्थ यांच्या कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अर्थांची मोठी सोय केली. तथापि रुसवा आपल्या माणसावरच धरला जातो, सावकारावर कोणी रुसत नाही, हे शिकण्यासाठी विद्यार्थ्यास बोलत्या माणसांचे संवादच ऐकावे लागत.