बरं वाटणं आणि बरं होणं

आमच्या टीममधल्या एका मित्राला टीबी झाला. (त्याला विचारूनच लिहितोय.) दोन महिने गोळ्या घेतल्यावर खोकला गेला, वजन वाढलं, आणि परवा चहाच्या टपरीवर साहेब म्हणतात, "आता कशाला रे गोळ्या? नुसती मळमळ होते, लघवी नारिंगी होते ते वेगळंच!" मी तावातावाने बोललो खरा, पण "का?" या साध्या प्रश्नाचं उत्तर काही धड देता आलं नाही. म्हणून शनिवार-रविवार वाचत बसलो.

गोष्ट सुरू होते १९४३ मध्ये, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात. सेलमन वॅक्समन यांच्या हाताखालचा अल्बर्ट शॅट्झ हा २३ वर्षांचा विद्यार्थी मातीतले सूक्ष्मजीव तपासत होता. त्यातून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. पेनिसिलिनला टीबीचा जंतू दाद देत नव्हता, या औषधाने मात्र तो मरायला लागला! (पुढे १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समनना मिळालं. त्यावर पुन्हा कधीतरी.)

युद्धानंतरच्या ब्रिटनकडे डॉलरची चणचण होती, त्यामुळे हे अमेरिकन औषध सगळ्यांना पुरण्यासारखं नव्हतं. मग ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने त्यातूनच वाट काढली. औषध कुणाला मिळणार हे डॉक्टरांनी ठरवायचंच नाही, ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरेल. ५५ रुग्णांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. गंमत म्हणजे हिलना स्वतःला तरुणपणी टीबी झाला होता, आणि त्यापायीच त्यांचं डॉक्टर होणं राहिलं होतं.

१९४८ मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी ४ दगावले, दुसऱ्या गटातले १४. म्हणजे औषध लागू पडलं. पण पाच वर्षांनी पुन्हा मोजलं तर? ५५ पैकी ३२ गेलेले, ५२ पैकी ३५. जवळजवळ बरोबरी! हा आकडा वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो.

झालं काय होतं? तपासलेल्या ४१ रुग्णांपैकी ३५ जणांच्या जंतूंवर औषध चालेनासं झालं होतं. इथे थोडं गणित करू. ढोबळमानाने दहा लाखांत एखादा जंतू जन्मतःच एका औषधाला दाद न देणारा असतो. फुफ्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असू शकतात, म्हणजे असे चिवट शंभर. बाकीचे मेले की रुग्णाला बरं वाटतं, आणि या शंभरांना रान मोकळं मिळतं. पण एकाच वेळी दोन वेगवेगळी औषधं दिली तर? दोन्हींना पुरून उरणारा जंतू लाख कोटींत एक. असा जंतू त्या पोकळीत असण्याची शक्यता फारच कमी.

हेच केलं गेलं. स्वीडनमध्ये यॉर्गन लेहमान यांनी शोधलेलं पास नावाचं औषध स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला दिलं, आणि चिवट जंतूंचं प्रमाण एकदम खाली आलं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. मग १९५६ पासून मद्रासमध्ये १९३ गरीब रुग्णांवर प्रयोग झाला. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या घरी, औषधं तीच. १९५९ चा निकाल असा की घरच्या उपचारांनीही जवळपास तितकाच गुण येतो. सॅनेटोरियमची सद्दी संपवण्यात या आपल्या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

पण सहा महिने कशाला? कारण भराभर वाढणारे जंतू लवकर मरतात, तेव्हाच आपल्याला बरं वाटतं. काही मात्र सुस्त पडून राहतात आणि औषधाच्या तावडीत सावकाश सापडतात. पूर्वी वर्ष-दीड वर्ष लागायचं, ते रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइडमुळे सहा महिन्यांवर आलं. (नारिंगी रंग या रिफॅम्पिसिनचाच, घाबरायचं कारण नाही.) मध्येच थांबलं तर आजार उलटतो, आणि आज घेतली, उद्या नाही असं केलं तर चिवट जंतूंचं फावतं.

असो. हे सगळं मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे टेस्टिंग अर्धवट सोडून रिलीज करण्यासारखं!" म्हटलं, हो, फक्त इथे रोलबॅक नाही. मळमळीचं डॉक्टरांना सांगायचं त्याने कबूल केलंय.

अजून चार महिने. रोज सकाळी मी फोन करणार आहे.