सर्कल

सर्कल : (न.; अधिकाऱ्याला उद्देशून पु., बहुधा आदरार्थी अनेकवचनी). इंग्रजीतून आलेला आणि मराठीत पुरता रुळलेला शब्द. मूळ अर्थ वर्तुळ. पण मराठी शाळेत शिकलेला माणूस कंपासने काढलेल्या आकृतीला सर्कल म्हणत नाही. तिला वर्तुळ म्हणतो, नाहीतर सरळ गोल. मराठीत सर्कल म्हणजे अनेक रस्ते एकत्र येतात ती जागा, सरकारी कामकाजाचा टापू किंवा त्या टापूचा अधिकारी. इंग्रजीत अधिकाऱ्याला नुसतं ‘सर्कल’ म्हणत नाहीत. मराठीत ‘सर्कल आले का?’ हा तलाठी कार्यालयाबाहेर रोज ऐकू येणारा प्रश्न आहे.

रस्त्याचा अर्थ. नवी मुंबईत ‘सर्कलला उतरतो’ असं कुणी म्हणालं तर बहुतेकांच्या मनात कळंबोली येते. मुंबईहून येणारा शीव-पनवेल महामार्ग, तळोज्याकडून येणारा मुंब्रा-पनवेल रस्ता, न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा जेएनपीटी मार्ग आणि पनवेल शहराकडची वाट इथे एकमेकांना भेटतात. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाची सुरुवातही इथूनच होते. ९४.५ किलोमीटरचा हा सहापदरी रस्ता २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला, आणि सातारा-कोल्हापूरकडे निघालेल्यांसाठी कळंबोली हा मुंबईचा शेवटचा थांबा ठरला. रात्री बॅगा घेऊन ट्रॅव्हल्सची वाट बघणारी कुटुंबं, बंदराचे कंटेनर आणि मुंबईच्या कर्नाक बंदर भागातून इथे हलवलेल्या लोखंड बाजाराचे ट्रेलर अशा सगळ्यांना याच जागेतून वाट काढावी लागते. उड्डाणपूल आणि भुयारी मार्गांचं काम २०२५ मध्ये सुरू झालं, तेव्हा अवजड वाहनं दुसरीकडून वळवावी लागली.

रस्ते जिथे मिळतात त्या जागांना मराठीत नावांची उणीव कधीच नव्हती. चार रस्त्यांचा चौक, कोकणात तीन रस्त्यांचा तिठा, आडवाट फुटते तो फाटा, जकातीची चौकी असायची तो नाका. कळंबोलीपासून जवळच, गोव्याचा रस्ता वेगळा होतो तिथे पळस्पे फाटा आहे. त्याला कुणी सर्कल म्हणत नाही. मधोमध बेट ठेवून वाहनांना त्याभोवती फिरवायची रचना मात्र जुन्या कुठल्याच शब्दात बसत नव्हती. सर्कल हा शब्द त्या रचनेबरोबर आला. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून भारतात सर्कलभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळायचं असतं. बेटाभोवती आधीपासून फिरत असलेल्या वाहनाला वाट देण्याचा नियम आहे. तो पाळला जात नाही तिथे सर्कल तुंबतं.

मुंबईत हा शब्द कळंबोलीच्या सर्कलहून जुना आहे. कोटातलं एल्फिन्स्टन सर्कल १८७२ मध्ये पूर्ण झालं. मधली बाग आणि तिच्याभोवती कमानींच्या इमारतींचं कडं अशी त्याची रचना आहे. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव मिळालं. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने या इंग्रज संपादकाला भारतातून घालवून दिलं होतं. एल्फिन्स्टन या गव्हर्नरचं नाव काढून हॉर्निमनचं नाव देणं फार उचित झालं. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या मधल्या बागेचं नाव महेश्वरी उद्यान, पण हार्बर मार्गावरच्या स्थानकाने जुनं नाव टिकवलं आहे. दादर टीटीचं खोदादाद सर्कल, नाशिकची मायको आणि एबीबी सर्कल, पणजीचं दिवजा सर्कल ही याच घराण्यातली. बेळगावात शेजारच्या कन्नडमुळे शब्दाचा वापर आणखी सैल आहे : तिथला मराठी माणूस एकाच जागेला कधी चन्नम्मा सर्कल म्हणतो, कधी चन्नम्मा चौक.

महसुलाचा अर्थ. ग्रामीण महाराष्ट्रात हाच अर्थ सर्वांत वजनदार आहे. काही गावांचा मिळून तलाठ्याचा साझा होतो, काही साझ्यांचं मिळून महसूल मंडळ, आणि त्यावर मंडळ अधिकारी. कागदावर मंडळ अधिकारी, बोलण्यात सर्कल किंवा सर्कलसाहेब. जमीन विकत घेतली, वाटणी झाली, वडील गेले आणि वारसांची नावं लावायची असली की तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, आणि त्यानंतर नोंद प्रमाणित होते. ती प्रमाणित करण्याचं काम बहुतेक वेळा सर्कल करतात. त्यांची सही झाल्याखेरीज सातबाऱ्यावर नवं नाव पक्कं होत नाही. विधवेचं, बहिणीचं नाव नोंदीतून गळलं असेल तर ते लक्षात आणून देण्याची वेळही हीच, म्हणून या पंधरा दिवसांची माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

पावसाचा हिशेबही याच सर्कलवर होतो. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की तिथे अतिवृष्टी झाली असं धरतात, आणि नुकसानभरपाईचे पंचनामे त्या आधाराने होतात. पीकविम्यातही बहुतेक पिकांसाठी मंडळ हाच घटक असतो. पर्जन्यमापक एका गावात आणि ढगफुटी चार कोसांवरच्या दुसऱ्या गावात, असं झालं की शेतकऱ्याची तक्रार सर्कलच्या आकाराबद्दलच असते, आणि ती रास्त आहे.

कळंबोलीत रस्त्याचा आणि महसुलाचा हे दोन्ही अर्थ एकाच वस्तीत नांदतात. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. ज्यांची भातशेती गेली त्या गावकऱ्यांच्या पिढीसाठी सर्कल म्हणजे सातबारा बघणारा माणूस. पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत भूखंड मिळवतानाही वारसांच्या नोंदी लागल्याच. सेक्टरांमध्ये घर घेऊन राहायला आलेल्यांचा सातबाऱ्याशी संबंध येत नाही, कारण त्यांची घरं सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. त्यांच्यासाठी सर्कल म्हणजे मॅक्डोनाल्डजवळचा बसथांबा.

इतर खात्यांतले अर्थ. एका इंग्रजी शब्दासाठी निरनिराळ्या खात्यांनी निरनिराळे मराठी शब्द घेतले. सार्वजनिक बांधकाम खात्यात अधीक्षक अभियंत्याचं कार्यक्षेत्र म्हणजे मंडळ, पण ठेकेदार त्याला सर्कल ऑफिसच म्हणतात. वनखात्यात वृत्त : रायगड जिल्ह्यातला अलिबाग वनविभाग ठाणे वनवृत्तात येतो. महावितरणमध्ये सर्कल म्हणजे मंडळ आणि त्याच्या वरचा झोन म्हणजे परिमंडळ. टपाल खात्यात मात्र परिमंडळ हे सर्कलचंच भाषांतर. पोलिसांनी परिमंडळ झोनसाठी घेतलं. अर्ज करणाऱ्याला या गोंधळाचा खरोखर त्रास होतो, आणि तिथे ‘सर्कल’ हा बोलीतला शब्द अधिक उपयोगी पडतो.

टपालाच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही आहे. मोबाइल सेवेत मुंबई हे महाराष्ट्रापासून निराळं सर्कल आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई सर्कलकडे रायगड किल्ला आहे.

किरकोळ वापर. मित्रपरिवार या अर्थी ‘फ्रेंड सर्कल’ शहरी बोलीत सर्रास. जुन्या एकपडदा चित्रपटगृहांत ‘ड्रेस सर्कल’ हा आसनांचा वर्ग होता. क्रिकेटच्या समालोचनात ‘सर्कलच्या आत’ म्हणजे तीस यार्डांच्या रेषेच्या आत. ही रेषा पूर्ण वर्तुळ नसते, दोन अर्धवर्तुळं सरळ रेषांनी जोडून ती आखतात. पंजाबच्या गोल मैदानावरच्या कबड्डीला ‘सर्कल कबड्डी’ म्हणतात.

‘सर्कल रेट’ हा शब्द दिल्ली आणि उत्तर प्रदेशात जमिनीच्या सरकारी दरासाठी वापरतात. महाराष्ट्रात तो चालत नाही. इथे त्याच दराला रेडी रेकनर म्हणतात, आणि कळंबोलीत घर घेताना मुद्रांक शुल्कासाठी तोच तक्ता बघायचा असतो.