जप्तीबाहेरचे घर आणि यादीबाहेरचे श्रम : जव्हार-मोखाडा परिसरातील ऋणको व कायदा

प्रस्तावना

ऋणकोने हात टेकल्यावर धनकोने त्याचे काय घ्यावे आणि त्याच्या घरात काय राहू द्यावे, हा प्रश्न दिवाळखोरीच्या प्रत्येक कायद्याला सोडवावा लागतो. अंगावरचे कपडे, चुलीवरची भांडी, नांगर, बैल, बियाणे आणि राहते घर घेतले तर कर्ज एकदाचे फिटेलही. पण तो माणूस पुन्हा उभा राहू शकत नाही. म्हणून कायद्याने काही वस्तू जप्तीतून वगळल्या. प्रस्तुत लेखात या सवलतीचा विचार दाभोसा ज्या जव्हार तालुक्यात आहे त्या तालुक्याच्या आणि शेजारच्या मोखाड्याच्या संदर्भात केला आहे. या डोंगराळ, आदिवासीबहुल भागात सावकाराचे खरे तारण कायद्याच्या यादीत नसलेली गोष्ट होती, असे या विवेचनाचे सूत्र आहे.

सवलतीच्या यादीची घडण

महाराष्ट्रात हा प्रश्न ऐरणीवर आला तो दख्खनच्या दंग्यांमुळे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठली. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोखे व हुकूमनाम्यांवर होता. चौकशी आयोगानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करण्यास त्याने मनाई केली. विशेषत्वाने गहाण न ठेवलेली स्थावर मालमत्ता जप्ती-विक्रीतून वगळली. पन्नास रुपये वा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करण्याची वाटही दिली. मात्र 'गहाण न ठेवलेली' या अटीतच पळवाट होती. जी जमीन जप्त होत नाही ती आधीच गहाण वा खरेदीखताने लिहून घेणे सावकाराच्या हाती राहिले.

१८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम २६६ आणि पुढे १९०८ च्या संहितेचे कलम ६० यांत जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची यादी आढळते. कलम ६० नुसार ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, उपजीविकेस आवश्यक गुरे व बियाणे आणि त्याचे राहते घर यांना संरक्षण मिळाले. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने हीच यादी स्वीकारली. जे जप्त होऊ शकत नाही ते नादाराच्या वाटपयोग्य मालमत्तेतही येत नाही. याउलट मुंबई शहरास लागू असलेल्या १९०९ च्या इलाखा शहरे नादारी कायद्याने हत्यारे, कपडे, अंथरुणे, भांडी व सामान मिळून तीनशे रुपयांची मर्यादा घातली. शहरात किंमत पाहिली जाई, मुफसलात वस्तूचा उपयोग पाहिला जाई. शेतकऱ्याच्या दृष्टीने दुसरी पद्धत हितकर होती, कारण रुपयाची किंमत घसरते, नांगराची गरज घसरत नाही.

एका डोंगरावर दोन अंमल

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर मोखाडा पेटा ब्रिटिश अमलाखालील ठाणे जिल्ह्यात होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत. त्यामुळे भात, नागली व वरई पिकवणाऱ्या, एकाच प्रकारच्या जीवनपद्धतीच्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकर व महादेव कोळी कुटुंबांसाठी हद्दीच्या दोन बाजूंना कायद्याची चौकट वेगळी राहिली. १९३५ च्या कायद्यान्वये मोखाडा 'अंशतः वगळलेल्या क्षेत्रां'त गणला गेला. १९४८ मध्ये जव्हार मुंबई राज्यात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत.

यादीबाहेरचे तारण

या कायद्यांमागे एक गृहीत आहे. धनको न्यायालयात जाईल, हुकूमनामा मिळवेल, बेलीफ दारात येईल आणि मग यादीतील वस्तू सोडून उरलेले नेईल. ज्याच्या झोपडीत चार भांडी आणि एक घोंगडी आहे, त्याच्यावर दावा लावून धनकोला काय मिळणार? म्हणून सावकाराने न्यायालयाची वाट टाळली. पावसाळ्यात खावटीसाठी दिलेले धान्य सुगीला सवाई-दिढीने खळ्यावरच वसूल होई. उभे पीक आधीच सावकाराच्या नावे लागे. ज्याच्याकडे पीकही नसे तो स्वतःच तारण होई.

ठाणे जिल्ह्याच्या वारली पट्ट्यातील 'लग्नगडी' ही प्रथा याचे टोकाचे उदाहरण होय. लग्नासाठी जमीनमालकाकडून रक्कम घेतलेला तरुण व त्याची पत्नी कर्ज फिटेपर्यंत त्याच्याकडे राबत आणि हिशेब मालकाच्याच वहीत असल्याने कर्ज सहसा फिटत नसे. सिमिंग्टन यांच्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने या स्थितीची नोंद घेतली. मे १९४५ मध्ये झरी येथील परिषदेपासून किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ व लग्नगडीविरुद्ध लढा उभारला. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात त्याचा वृत्तांत आहे.

येथे नादारीच्या कायद्याची मर्यादा स्पष्ट होते. १९२० च्या कायद्यानुसार अर्जासाठी पाचशे रुपयांचे कर्ज, किंवा हुकूमनाम्यापोटी अटक, किंवा जप्तीचा हुकूम यांपैकी एक गोष्ट लागे. लग्नगड्याला अटक होत नसे, जप्तीही होत नसे; तो आधीच धनकोच्या ताब्यात असे. कायद्याने त्याचे अंथरूण राखले, पण त्या अंथरुणावर त्याने कोणाच्या वाड्याशेजारी निजावे हे धनकोच ठरवत होता.

१९७५-७६ चे वळण

ही उणीव कायद्याने थेट हाताळली ती १९७५-७६ मध्ये. महाराष्ट्र कर्जमुक्ती कायद्याने, ज्याची सुरुवात २२ ऑगस्ट १९७५ च्या अध्यादेशाने झाली, अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर, शेतमजूर व कामगार यांची खाजगी सावकारी कर्जे विसर्जित केली आणि तारण ठेवलेल्या जंगम वस्तू परत करण्यास सांगितले. १९७७ मध्ये फत्तेचंद हिम्मतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ ने वेठीचे कर्ज नष्ट केले. मुक्त झालेल्या मजुराला वेठीच्या मोबदल्यात मिळालेल्या राहत्या जागेतून काढता येणार नाही, असेही म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम ६० मधील घराचे संरक्षण मजूर व घरगुती नोकरांपर्यंत पोहोचले आणि सवलत सोडून देण्याचा करार निरर्थक ठरला. ही शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची आहे. अडलेला माणूस अंगठा कशावरही उठवतो.

नव्या संहितेतील जुना प्रश्न

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ७९ मध्ये वगळलेल्या मालमत्तेची नवी यादी आहे : व्यवसायाची साधने, वाहने व पुस्तके, गृहोपयोगी वस्तू, धार्मिक दागिने, विमा पॉलिसी वा निवृत्तिवेतन योजना आणि विहित किमतीपर्यंतचे एक राहते घर. यातील बहुतेक वस्तूंना 'भाररहित' असण्याची अट आहे. १८७९ ची पळवाट येथेही ओळखीची वाटते. अल्प उत्पन्नवाल्यांसाठीच्या 'नव्या प्रारंभा'च्या तरतुदीत वार्षिक उत्पन्न साठ हजार, मालमत्ता वीस हजार व कर्ज पस्तीस हजार रुपयांपर्यंत ही मर्यादा असून अर्जदाराच्या मालकीचे राहते घर नसावे अशीही अट आहे. स्वतःची झोपडी असलेला आदिवासी येथे दारातच अडतो. शिवाय व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आणला गेला तो केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता.

निष्कर्ष

जव्हार-मोखाड्याचा अनुभव असा की भांडी, बैल व घर वगळणारी यादी आवश्यक असली तरी पुरेशी नव्हती. ऋणकोची सर्वांत मोठी मालमत्ता त्याचे श्रम होती आणि तीच दीर्घकाळ असंरक्षित राहिली. वनहक्क कायदा, २००६ ने दिलेला वनजमिनीचा हक्क वारसाने मिळतो पण हस्तांतरित होत नाही. जे विकताच येत नाही ते सावकाराला घेताही येत नाही, हे तत्त्व तेथे अधिक पक्के झाले. मात्र वीटभट्टीसाठी उचल घेऊन घर बंद करून निघणाऱ्या कुटुंबाबाबत हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्याचे घर, भांडी व जमीन सुरक्षित असते. गहाण पडते ते येणाऱ्या हंगामाचे काम. ऋणकोला राखता येणाऱ्या मालमत्तेच्या कोणत्याही अभ्यासात या कामाची गणना प्रथम व्हावयास हवी.