बर्फाचा ताळेबंद

अकोल्याचा मे महिना म्हणजे काय, हे अकोलेकराला सांगावं लागत नाही, आणि इतरांना सांगून पटत नाही. मी मूळचा अमरावतीचा, म्हणजे आगीतून बदली होऊन फुफाट्यात आलेला. अशा दिवसांत आईचा गुडघा सुजला आणि डॉक्टर म्हणाले, "बर्फ लावा."

मी ऐटीत म्हणालो, "बर्फाचं काय, घरात कारखानाच आहे!"

मेहुण्याने परदेशी बनावटीचा फ्रिज आम्हाला दिला होता. त्यात नळी जोडली की बर्फ आपोआप पडतो. म्हणून त्यात बर्फाचा ट्रेही नव्हता. आता बर्फही नव्हता.

मेकॅनिक आला. मागचा कॉक पाहिला, उघडा होता. नळी दुमडलेली नव्हती. गाळणी बदलली. बर्फाचं भांडं भरलं की यंत्र थांबवणारी तार असते. तीही जागेवर होती. मग तो म्हणाला, "मशीन टकाटक हाय साहेब. पानीच नाही येऊन राह्यलं तिच्यात. टाकी किती उच्ची हाय तुमची?"

आत पाणी घेणाऱ्या झडपेला एका चौरस इंचावर साधारण 20 पौंड दाब लागतो. म्हणजे 14 मीटर उंचीची टाकी. आमची 4 मीटरवर, आणि नळ आला तर भरणारी. "छोटा पंप लावू," म्हणून तो गेला. पंप उद्या. गुडघा आजचा.

कॉमर्सचा पदवीधर अशा वेळी दुसरं काय करणार? जुनी खाती काढून बसलो.

'ऐन-इ-अकबरी'त अबुल फजलने पाणी गार करण्याची कृती दिली आहे. अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकायचा आणि त्यात एक शेर पाण्याची बंद सुरई पाव तास फिरवायची. एक शेर गारव्याला पाच शेर पाणी! याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचीही माहिती आहे. ती वाचूनही कृती दुरुस्त करावीशी वाटली नाही, याचं नवल वाटतं.

1833 साली फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने तिथल्या तळ्यांवरचा बर्फ 'टस्कनी' जहाजातून कलकत्त्याला पाठवला. मे महिन्यात जहाज निघालं, दोनदा विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरात पोचलं. जावक 180 टन, आवक सुमारे 100 टन. आमच्या बँकेत एवढी तूट आली असती तर कॅशियर घरी गेला असता. ट्यूडर मात्र श्रीमंत झाला. पुढच्या वर्षी मुंबईत बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, म्हणतात.

त्याच 1834 साली जेकब पर्किन्सने लंडनमध्ये बर्फ करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. आजचा फ्रिज त्याचाच नातू. जहाजं गेली, पण पाणी आणून देण्याची अट काही गेली नाही. आणि वऱ्हाडात नेमकी तीच अडचण. बोअरचं घालावं, तर पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तेही खारट.

एवढ्यात चार घरं पलीकडचा मुलगा धावत आला. टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा. "आईनं बारा खडे देल्ले, काका."

मी मोजले. नऊ निघाले. तूट शेकडा 25, ट्यूडरची 44. शिवाय भाडं नाही, नफा नाही.

गुडघ्यावर बर्फ ठेवल्यावर आईचा चेहरा सैलावला. तिने त्या थोराड फ्रिजकडे पाहिलं आणि विचारलं,

"काऊन रे, माठातलं पानी वाटीत घालून नाही ठेवता येत काय त्याच्यात?"