दोन विवरांची साक्ष

लोणारच्या कड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'हे कशासारखे आहे?' असा. 'हे कशाने झाले?' हा प्रश्न त्यानंतरचा. स्थानिक आख्यायिकेने दोहोंचे उत्तर एकदमच दिले: हे लवणासुराचे भूमिगत निवासस्थान, विष्णूने त्यावरील झाकण उडवून त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्या कथेची आठवण जपून आहे. विज्ञानाचा आरंभही साम्यापासूनच झाला, आणि याच साम्याने त्याला दीर्घकाळ चकवले.

बुलढाणा जिल्ह्यातील या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये त्याची नोंद केली. भोवतालचे पठार थिजलेल्या लाव्ह्याचे असल्याने हे ज्वालामुखीचेच कार्य, असे मानणे स्वाभाविक होते. दख्खनचे लाव्हाप्रवाह सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आणि विवराची कड मात्र अजून ठसठशीत, ही विसंगती त्या समजुतीला तडा देण्यास पुरेशी ठरली नाही.

१८९१ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट ॲरिझोनातील अशाच एका विवराकडे वळले. त्याच्या परिसरात अशनींचे लोखंडी तुकडे विखुरलेले होते. एखादा प्रचंड अशनी येथे गाडला गेला असेल, तर दोन गोष्टी दिसायला हव्यात, असे त्यांनी ठरवले: चुंबकसूची विचलित व्हावी, आणि गाडलेल्या अशनीने जागा व्यापल्यामुळे कडेवर साचलेला मालमसाला खड्ड्याच्या पोकळीहून अधिक भरावा. सूची हलली नाही. दोन्ही घनफळे जवळजवळ सारखी निघाली. तेव्हा हे विवर भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने झाले, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

१८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानाचा विषयच 'गृहीतकांचा उगम' हा होता. नवे गृहीतक साम्यावरून सुचते, हे त्याचे प्रतिपादन. त्यातच या विवराशी सदृश म्हणून त्यांनी लोणारचा उल्लेख केला. दख्खनच्या लाव्ह्यातील खड्डा ॲरिझोनाच्या खड्ड्याचा साक्षीदार झाला, आणि दोघेही चुकीची साक्ष देत राहिले. विलक्षण गोष्ट अशी, की चंद्रावरील विवरे आघातानेच झाली, हे याच गिल्बर्टनी १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले होते. आकाशातले त्यांना अचूक दिसले, पायाखालचे निसटले.

न्यायदर्शनाने उपमानाला स्वतंत्र प्रमाण मानले आहे. गवय गाईसारखा असतो हे ऐकलेला माणूस अरण्यात गवय ओळखतो. पण उपमानाने संज्ञा आणि वस्तू यांचा संबंध कळतो. वस्तू कशी उत्पन्न झाली हे कळत नाही. गिल्बर्ट यांच्या पद्धतीत हयगय नव्हती. चूक होती ती मूळ चित्रात: चिखलात रुतलेल्या दगडासारखा अशनी तळाशी शाबूत असेल, हे त्यांनी धरून चालले. प्रत्यक्षात सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या अशनीची बहुतांश वाफ होते, रस होतो, चुरा होऊन तो उधळला जातो. खाण-उद्योजक डॅनियल बॅरिंजर आघाताच्या बाजूचे. पण चित्र तेच. १९०३ पासून ते तेथील लोखंडाचा गोळा शोधत राहिले. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही तो सापडलेला नव्हता. निष्कर्ष बरोबर असूनही त्यांच्या हाती काही लागले नाही.

अखेर निवाडा आकाराने नव्हे, दगडाने केला. प्रचंड दाबाखालीच तयार होणारे कोएसाइट हे खनिज प्रयोगशाळेत १९५३ मध्ये बनले होते. १९६० मध्ये चाओ, शूमेकर आणि मॅडसन यांनी ते ॲरिझोनाच्या विवरातील वालुकाश्मात दाखवले. १९६४ मध्ये लाफाँड आणि डीट्झ यांनी लोणारबाबत हाच प्रश्न उपस्थित केला. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले: सरोवराच्या तळाखालील बेसाल्टमध्ये मॅस्केलिनाइट, म्हणजे न वितळता केवळ आघाताने काच झालेले फेल्डस्पार, सापडले होते. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावर बेसाल्टचे विस्तृत प्रदेश असल्याने तेथील विवरे समजून घेण्यासाठी आता संशोधक लोणारला येतात. उपमा पुन्हा जुळली. पण या वेळी तिच्या पाठीशी पुरावा होता.

वाद संपले आहेत असे मात्र नाही. एका पद्धतीने लोणारचे वय सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, तर आर्गॉन-पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. अशा वेळी लवणासुराच्या कथेत आपल्या पूर्वजांना अशनिपात ठाऊक असल्याचा दाखला शोधण्याचा मोह होतो. तो आवरावा. झाकण उडाले म्हणणारी कथा आणि अशनी कोसळला म्हणणारे शास्त्र यांतील साम्य दिसते खरे; पण नुसते साम्य काय करू शकते, हे दोन विवरांनी आपल्याला दाखवून दिले आहे. कथेला कथेचा मान द्यावा आणि दगडाला दगडाचे बोलू द्यावे.