'शफल अलाँग' : एका प्रेमगीताची कसोटी

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. रंगभूमीवरील गुलामगिरी मात्र पुढेही दीर्घकाळ टिकली. कृष्णवर्णीयाने नाचावे, विनोद करावा, गोऱ्या प्रेक्षकाला हसवावे, एवढीच त्याला मुभा होती. त्याचे प्रेम मात्र चेष्टेचाच विषय.

२३ मे १९२१ रोजी न्यूयॉर्कच्या त्रेसष्टाव्या रस्त्यावर, ब्रॉडवेच्या मुख्य नाट्यगृहांपासून दूर, 'शफल अलाँग' ही संगीत सुखात्मिका सुरू झाली. संहिता फ्लॉर्नॉय मिलर आणि ऑब्री लाइल्स यांची, गीते नोबल सिसल यांची, संगीत युबी ब्लेक यांचे. चौघेही कृष्णवर्णीय. दौऱ्यांतील कर्ज डोक्यावर, पोशाखही पडलेल्या नाटकांचे उरलेले. सिसल हे मेथडिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. ब्लेक यांचे आईवडील तर जन्माने गुलाम. मुलाच्या बोटांतील रॅगटाइम त्या श्रद्धाळू माउलीला घरात मुळीच खपत नसे. (संगीताविषयी अशी भांडणे कोणत्या ख्रिस्ती घरात झाली नाहीत?)

कथानक तसे बेताचेच: जिमटाउन गावची महापौरपदाची निवडणूक, दुकानातील दोन लबाड भागीदार उमेदवार आणि प्रामाणिक हॅरी वॉल्टन. खरी भीती होती ती एका प्रेमगीताची. कृष्णवर्णीय युगुल गंभीरपणे प्रेम व्यक्त करते, हे गोरा प्रेक्षक सहन करील काय? पहिल्या रात्री ब्लेक पियानोवर अडकलेले, तर त्यांचे साथीदार मागच्या दारापाशी पळण्याच्या तयारीत उभे, अशी आठवण पुढे सांगितली गेली. प्रेक्षकांनी ते गीत पुन्हा म्हणावयास लावले!

या नाटकाचे सुमारे ५०० प्रयोग झाले. फ्लॉरेन्स मिल्स येथेच नावारूपास आली. जोसेफिन बेकर आधी वय कमी म्हणून नाकारली गेली, नंतर नृत्यवृंदात आली. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी हार्लेमच्या सांस्कृतिक नवजागरणाचा प्रारंभ या नाटकात पाहिला. प्रेक्षागृहातही, तळमजल्यावरच्या काही जागा कृष्णवर्णीयांना प्रथमच खुल्या झाल्या.

तरीही एक गोष्ट मनाला बोचते. मिलर आणि लाइल्स हे स्वतः काळे असूनही, तोंडाला काजळी फासूनच रंगमंचावर येत. प्रेमिकांना माणूस म्हणून उभे करण्याची किंमत विदूषकांनी मोजली, असे मला वाटते.

हॅरीवरचे गाणे ब्लेक यांनी प्रथम वॉल्ट्झच्या संथ तालात रचले होते. नायिका लॉटी गी हिच्या आग्रहावरून ते द्रुत झाले. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या निवडणूक प्रचारात तेच गाणे वाजले. ब्लेक ते पाहावयास हयात होते. त्यानंतरही पस्तीस वर्षे जगले आणि १९८३ साली वारले.